कार्बनमुक्तीचा महिना

२ फेब्रुवारी, रविवार

आज निर्णय घेतला. लेकीला नोकरीच्या गावी मी स्वतः, माझ्या गाडीने पोचवणार. निघायचं अठ्ठावीस तारखेला. तीन मार्चला ती कामावर रुजू होणार. जेवताना हे जाहीर केलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली. आनंदाने माणसाची वाचा बसते म्हणतात ती अशी.

मग ही म्हणाली, गाडीला झेपेल का? लेक म्हणाली, झेपेल, मला बाबांबरोबरच जायचंय. मेहुणा जेवायला होता. (असतोच. नवी गाडी घेतल्यापासून त्याची भूकही वाढली आहे.) म्हणाला, भावोजी, कशाला त्या म्हातारीला दगदग, माझ्या गाडीने सकाळी निघू आणि दुपारच्या जेवणाला तिथे हजर. वर हसला.

मीही हसलो, पण आतून पेटलो. म्हटलं, आम्हीसुद्धा दुपारच्या जेवणालाच पोचणार आहोत. लेकीने दचकून माझ्याकडे पाहिलं. अभिमान वाटला असणार.

संकल्प: एक, अठ्ठावीसच्या आत गाडीचा पिकअप सुधारणे. दोन, मेहुण्याशी वाद न घालणे. तीन, रोजनिशी नियमित लिहिणे.

३ फेब्रुवारी

गाडीत दोष म्हणाल तर काहीच नाही. ॲक्सिलरेटर दाबला की ती जरा विचार करते. मग खोकते. मग निघते. चढ आला की विचार लांबतो. वयोमानाप्रमाणे एवढं चालायचंच.

निगा माझ्याइतकी कोणी राखली नसेल. घेतल्यापासून चाळीसच्या वर एकदाही नेलेली नाही. चौथा गिअर नव्यासारखा आहे, पाचवा तर कोराच. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, आणि सिग्नल लागला की इंजिन बंद. मेहुणा नव्वदने हाणतो. त्याच्या इंजिनाची आत काय दशा असेल या विचाराने मला त्याची कीव येते.

संध्याकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, रोज किती चालवता, किती स्पीडने, लांब कधी नेता. मी खरीखुरी उत्तरं दिली. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. एवढ्या शिस्तीचं गिऱ्हाईक त्याने आधी पाहिलं नसावं. मग म्हणाला, साहेब, तुमच्या इंजिनात कार्बन साचलाय. आणि हातातली छोटी बाटली ठेवून मोठी काढली.

नंतर प्रात्यक्षिक. एक काळाकुट्ट बोल्ट काचेच्या ग्लासात टाकला, वरून औषध ओतलं, चमच्याने ढवळलं. बोल्ट चांदीसारखा बाहेर आला. हातच्या काकणाला आरसा कशाला? खोकाच घेतला. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या वेगळ्या, ऑइलमध्ये टाकायच्या वेगळ्या. पुन्हा पुन्हा हेलपाटे कोण घालणार?

घरी खोका पाहून ही काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला पूर्ण समजतं. ते कौतुक नव्हतं.

५ फेब्रुवारी

पहिला डोस. बाटलीवरची सूचना: पूर्ण भरलेल्या टाकीत एक बाटली टाकावी आणि त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर तासभर भरधाव चालवावी.

पहिला भाग पाळला. दुसरा भाग उघडच बेजबाबदार तरुणांसाठी आहे. भरधाव चालवण्याऐवजी मी पार्किंगमध्येच उभ्या गाडीत तासभर बसलो, इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, आणि अधूनमधून ॲक्सिलरेटर. इंजिनाला काय कळतंय आपण कुठे आहोत ते. वॉचमन दोनदा येऊन काही हवंय का विचारून गेला. तिसऱ्यांदा त्याने हिला बोलावून आणलं.

निकाल: गाडी कमालीची शांत झाली आहे. (कानात कापूस होता. तो काढल्यावर थोडी कमी शांत.)

जाता जाता एक विचार. इंजिनाचं जे, तेच माणसाचं. उद्यापासून पहाटे उठून अनशापोटी गरम पाणी आणि वेगात चालणे. आपलीही नळी साफ.

६ फेब्रुवारी

चालायला गेलो नाही. गरम पाणी घेतलं, पण त्यात चहापत्ती होती.

८ फेब्रुवारी

मेहुणा म्हणाला हे औषध म्हणजे थोतांड आहे. वाद घालायचा नाही असा संकल्प असल्यामुळे मी फक्त प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. बोल्ट हाताशी नव्हता. स्वयंपाकघरात तळाशी करपलेलं दुधाचं पातेलं होतं. त्यात अर्धी बाटली. ढवळलं. पातेलं लखलखीत. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग उत्साहाच्या भरात नॉनस्टिक तव्यावरही ओतलं. तो जास्तच स्वच्छ झाला. काळा थर साफ गेला. तो थर तव्याचाच होता, हे हिने मला थर सिंकमधून वाहून गेल्यावर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

रात्रीच्या आमटीला पेट्रोलचा वास. मला आला नाही. बाकी सगळ्यांना आला. मेहुणा न जेवता गेला, ही या औषधाची आणखी एक जमेची बाजू.

१० फेब्रुवारी

लेक म्हणाली, बाबा, एक चक्कर मारून येऊ. म्हटलं चला, ट्रायल होईल.

गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. वेग अडतीस ते चाळीस, एकदम स्थिर. लेक सीट मागे सरकवून पाय पसरून बसली आणि बोलायला लागली. लहानपणी तिला शाळेत सोडायला जायचो त्यातलं काहीतरी. मग नव्या गावाबद्दल. तिथे आपलं जमेल की नाही, असं काहीतरी. नेमकं तेव्हाच इंजिनातून एक बारीक किरकिर यायला लागली. मी तिला हाताने गप्प केलं. दोघांनी मिळून ऐकलं. किरकिर थांबली. ती पुन्हा बोलायला लागली, तशी किरकिरही पुन्हा सुरू. तिला म्हटलं, तू जरा गप्प बस, म्हणजे मला निदान करता येईल.

ती बसली गप्प. चांगली समजूतदार आहे पोर.

परतताना तिने विचारलं, अठ्ठावीसला वाटेत थांबायचं कुठे? एक तळ्याकाठचं गाव आहे म्हणाली, मुक्कामाला बरं पडेल. मी हसलो. म्हटलं, मुक्काम कसला, आपण दुपारच्या जेवणाला पोचणार, कुठेही थांबणार नाही, मामाला दाखवून देऊ. ती खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्या आत्मविश्वासाने भारावली असावी.

एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. उतार होता म्हणून.

१३ फेब्रुवारी

एका बाटलीने जे होतं ते तीन बाटल्यांनी तिप्पट होणार, हे गणित शेंबडं पोरही सांगेल. शिवाय भरलेल्या टाकीत औषध पातळ होतं. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली आणि मग तीन बाटल्या एकदम. शुद्ध अर्कच म्हणायचा.

किल्ली फिरवली. आधी काहीच नाही. मग एक ढेकर. मग मागून पांढरा धूर. इतका धूर, की मला आरशात बिल्डिंग दिसेना. याला म्हणतात गुण येणे. घाण बाहेर पडताना अशीच पडते. वरच्या मजल्यांवर खिडक्या धडाधड बंद झाल्या. कोणीतरी ओरडून विचारलं, डासांची फवारणी आज आहे हे आधी सांगायला काय होतं.

मी सांगणारच होतो. पण तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी तोंडाला रुमाल लावून खाली आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, महिनाभर अर्ज करतोय, कोणी येत नाही, शेवटी तुम्ही मनावर घेतलंत. लोकांचा जीव डासांनी मेटाकुटीला आला होता म्हणे.

अशा वेळी नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, कर्तव्यच आहे. त्यांनी विचारलं, मागच्या बिल्डिंगलाही एक फेरी होईल का? केली फेरी. मग मुलांच्या बागेला एक. पहिल्या गिअरमध्ये. मुलं मागे पळत होती.

१५ फेब्रुवारी

सूचनाफलकावर माझे आभार मानले आहेत. डास खरोखर कमी झाले आहेत. लेकीने फलकाचा फोटो काढून ठेवला आणि खूप वेळ हसली. ही हसली नाही. म्हणाली, अहो, अति तिथे माती. हिला सार्वजनिक कार्याची मुळात आवड नाही.

पिकअप मात्र थोडा उतरला आहे. गाडी आता विचार करते आणि बहुतेक वेळा नकारच देते.

१७ फेब्रुवारी

औषध बनवणाऱ्यांच्या हेल्पलाइनला लिहिलं होतं. आज उत्तर आलं: ‘सदर बिघाड वापर-सूचनांचे पालन न केल्यामुळे उद्भवलेला असून कंपनी त्यास जबाबदार नाही.’

वाचून क्षणभर ऊर भरून आला. मी मिक्सरच्या कंपनीत तक्रार विभागात आहे आणि गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना नेमकं हेच वाक्य लिहितो आहे. अक्षरशः हेच. ‘सदर’ने सुरुवात, ‘जबाबदार नाही’ने शेवट, मधे कुठेही सापडायला जागा नाही. लिहिणारा मुरलेला माणूस दिसतो. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. हाताखालच्या दोघांना म्हटलं, शिका काहीतरी.

पण माझ्या बाबतीत ते लागू होत नाही, हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. सूचना न पाळणारे वेगळे. मी सूचना सुधारल्या होत्या.

१९ फेब्रुवारी

गाडी सुरूच होईना. गॅरेजवाल्याकडे ढकलत नेली. (ढकलणारे: मी, वॉचमन, लेक. सूचना देणारी: ही.) गॅरेजवाल्याचा कोणत्याही रोगावर एकच शोध असतो, बॅटरी. गाडी खड्ड्यात पडली तरी तो बॅटरी बघेल. बॉनेट न उघडताच म्हणाला, बॅटरी गेली. नवीन घातली. आणि काय आश्चर्य, सुरू झाली.

म्हणजे माझ्या औषधाचा काहीही दोष नव्हता. उगाच बिचाऱ्या बाटल्यांवर आळ. इंजिन आतून ठणठणीत होतं, फक्त त्याला ते सांगायला वीज नव्हती.

ही म्हणाली, आता तरी पुरे करा, आहे तशी, चालतेय तशी चालू दे. आपल्याला कुठे शर्यत जिंकायची आहे? शर्यत आहेच, हे बायकांना कळत नाही. शर्यत लावणारा हिचा सख्खा भाऊ आहे.

लेक म्हणाली, बाबा, मला ही गाडी अशीच आवडते. भावुक आहे. नोकरीला लागल्यावर कमी होईल.

२० फेब्रुवारी

पेट्रोलची बाजू झाली. आता ऑइलची बाजू. कारण कार्बन वर असतो, तसा गाळ खाली असतो.

बाटलीवर लिहिलंय, औषध ऑइलमध्ये टाकून इंजिन दहा मिनिटं जागेवर चालू ठेवावं आणि लगेच सगळं ऑइल काढून नवीन भरावं. ‘लगेच’ हा शब्द वाचून हसू आलं. करपलेलं पातेलं दहा मिनिटं भिजवून कधी निघालंय का? रात्रभर भिजवावं लागतं. आणि हे तर इतक्या वर्षांचं करपलेलं.

चार दिवस भिजवायचं ठरवलं. मधल्या काळात ऑफिसला तीच गाडी. भिजणंही होईल, खंगाळणंही होईल.

२२ फेब्रुवारी

गरम पाण्याचा उपक्रम तात्पुरता स्थगित. एका वेळी एकच शुद्धीकरण, हे शास्त्रीय.

गाडीतून टकटक आवाज. सौम्य. कोणीतरी दार वाजवतंय, पण घाई नाही, असा. गॅरेजवाल्याला फोनवरून ऐकवला. म्हणाला, बॅटरीचे टर्मिनल घट्ट करा. केले.

२४ फेब्रुवारी

आज गाळ काढला. स्वतः, गाडीखाली झोपून. अंगावर पडला तेवढा पडला, उरलेला काचेच्या बरणीत धरला. काळा, दाट, चमच्याला चिकटेल असा. पाहून धन्य झालो. इतकी वर्षं हे आत होतं आणि आपण वर बसून फिरत होतो.

सगळं ऑइल मात्र काढलं नाही, साधारण अर्धं काढलं. जेवढं काढलं तेवढी आत जागा झाली. नवीन ऑइल आणायला बाजारात जावं लागलं असतं. खोक्यात औषधाच्या दोन बाटल्या शिल्लक होत्या. त्या रिकाम्या जागेत ओतल्या. म्हणजे आता इंजिन नुसतं धुतलं जाणार नाही, धुण्यातच राहणार.

बरणी दिवाणखान्यात, शोकेसमध्ये ठेवली, लेकीच्या बक्षिसांच्या शेजारी. मेहुणा आला. मी नुसता बाजूला सरकलो, म्हणजे बरणी दिसावी. तो बराच वेळ बघत होता. म्हणाला, भावोजी, हे लोणचं कधीचं? आता याला काय म्हणावं? गाढवाला गुळाची चव काय.

हिने बरणी बाल्कनीत हलवली. मी आत आणली. तिने पुन्हा हलवली. सध्या ती उंबऱ्यावर आहे.

२५ फेब्रुवारी

गाडीखाली ऑइलचे थेंब. सांध्यासांध्यातून. आधी कधी नव्हते. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. इतकी वर्षं त्या सगळ्या फटींमध्ये गाळ बसलेला होता. गाळ गेला, फटी मोकळ्या झाल्या. इंजिन आता मोकळा श्वास घेतंय.

खाली ट्रे ठेवला. ट्रे भरला. दुसरा ठेवला.

लेकीचं सामान बांधून होत आलं आहे. आज संध्याकाळी ती पार्किंगमध्ये येऊन माझ्याजवळ उभी राहिली. मी गाडीखाली होतो. म्हणाली, बाबा, थोडं बोलायचं होतं. म्हटलं, बोल, पण आधी तो पाना दे. पाना दिला. मग मला ती टकटक ऐकू आली आणि मी तिला म्हटलं थांब. नंतर बाहेर येऊन पाहतो तर ती वर गेलेली. सामानावरच्या चिठ्ठ्या वगैरे काहीतरी विचारायचं असेल. आईला विचारेल.

२६ फेब्रुवारी, दुपार

ऑफिसला दांडी. आज अंतिम चाचणी. सूचनेतला तो एकच भाग राहिला होता, भरधाव. सगळं पाळून पाहिलं, तर हेही पाळू.

मोकळा रस्ता. चाळीस. मन घट्ट केलं. पंचेचाळीस. पन्नास. चौथा गिअर घातला. काय मुलायम पडतो! पंचावन्न. झाडंसुद्धा निराळी दिसायला लागली. साठ. साठला मी एकटाच जोरात हसलो, हे इथे लिहून ठेवतो. डोळ्यांसमोर अठ्ठावीस तारीख आली. शेजारी लेक, मागे सामान, आणि दुपारच्या जेवणाला आम्ही दारात, मेहुणा तोंडात बोटं घालून.

टकटक मोठी झाली. मग कोणीतरी दार वाजवायचं सोडून लाथच घालावी तसा एक आवाज. मग काहीच नाही. गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे, रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. चारी बाजूंनी धूर.

त्याच दिवशी, संध्याकाळ

गाडी ओढून आणायला कोणी मिळेना. शेवटी एक थांबली. ती डासांच्या फवारणीची होती, खरीखुरी, सरकारी. ड्रायव्हरने माझ्या धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणत्या विभागाचे, म्हणाला. खोटं बोलायला जिवावर आलं आणि खरं सांगायला वेळ नव्हता. म्हटलं, स्वेच्छा विभाग. तो मोठ्या आदराने दोर बांधायला उतरला.

सोसायटीच्या फाटकातून आम्ही एकामागून एक आत शिरलो. सेक्रेटरींनी वरून टाळ्या वाजवल्या.

२७ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं. मला आत बोलावलं, बॅटरी टॉर्च धरला (धरायला हवाच) आणि म्हणाला, साहेब, बघा.

पाहिलं. काय सांगू! आरसा. कार्बनचा ठिपका नाही, गाळाचा लवलेश नाही. सगळा सुटलेला गाळ एकत्र होऊन ऑइलच्या जाळीत जाऊन बसला होता, तिथून ऑइल वर चढेना, आणि वर सगळं एकमेकांत घट्ट अडकून बसलं आहे. पण अडकलंय ते स्वच्छ अडकलंय. गॅरेजवाला म्हणाला, एवढं चकचकीत इंजिन मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. विचारलं, उद्या सुरू होईल का? म्हणाला, ते आता कधीच नाही. बॅटरी मात्र छान आहे.

मान्य करायला हवं, थोडं वाईट वाटलं. पण ज्यासाठी घाट घातला होता ते शंभर टक्के साध्य झालं. शंका घ्यायला जागाच नाही. कार्बन गेला.

घरी सांगितलं. लेक म्हणाली, असू दे बाबा. आणि आत जाऊन कोणाला तरी फोन केला. मेहुण्याला मीच फोन केला. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, सकाळी येतो. यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेली.

मेहुण्याच्या गाडीत मेहुणा, त्याची बायको (तिला हौस), ही, आणि लेक. बाकी सामान. एक जागा उरत होती, तिथे एक तर मी किंवा लेकीची गादी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, गादी न्या, नव्या जागी पहिल्या रात्री झोप येत नाही. शिवाय गॅरेजमध्ये गाडी उघडी पडली आहे, घरात कोणीतरी पुरुष माणूस हवा. हे कारण कोणालाच पटलं नाही, पण कोणी खोडूनही काढलं नाही.

लेक गाडीत बसता बसता पुन्हा उतरली आणि माझ्यापाशी आली. काहीतरी म्हणेल असं वाटलं. माझ्या बाहीवर ऑइलचा डाग होता, तो अंगठ्याने पुसायला लागली. तो निघणारा नव्हता. मेहुण्याने हॉर्न दिला.

मेहुण्याची गाडी सुरू होताना आवाजच करत नाही. निघाली हेच कळलं नाही.

दिवसभर घर आवरलं. बरणी उंबऱ्यावरून उचलली आणि आतलं टाकून दिलं. बरणी घासली. निघाली नाही. औषध संपलं आहे.

१ मार्च, शनिवार

सकाळपासून फोनची वाट पाहिली. दुपारी आला. लेकीचा.

काल दुपारच्या जेवणालाच पोचले म्हणे. पण खोलीची मालकीण दारच उघडेना. खोली आज संध्याकाळपासून ठरली होती. लेकीनेच तसं ठरवलं होतं. परवा तिने फोन करून पाहिला, पण मालकीण परगावी, आजच येणार. म्हणून काल सगळे एका लॉजमध्ये राहिले, सामान गाडीतच, मेहुणा वैतागलेला, हिची कंबर धरलेली. मी जरा चिडलोच. म्हटलं, अठ्ठावीसला निघणार हे महिनाभर आधी ठरलेलं, मी दुपारच्या जेवणाला पोचतो म्हणून दहा वेळा सांगितलेलं, मग खोली एकतारखेच्या संध्याकाळची कशी घेतलीस?

ती मग म्हणाली:

“बाबा, तुम्ही चाळीसच्या वर नेणार नाही हे मला माहीत होतं. मी दोन दिवस धरले होते.”

मी म्हटलं, दोन दिवस कशाला वाया घालवायचे?

“वाया नाही. तळ्याकाठच्या त्या गावात एक मुक्काम, आणि बाकीचा वेळ तुम्ही आणि मी. म्हणून तर मामाला नको म्हटलं होतं.”

म्हणजे ती पहिल्या दिवसापासून माझ्या चाळीसवरच बेत आखून बसली होती, आणि मी महिनाभर गाडीखाली पडून तो बेत मोडत होतो. हे तिला सांगायला हवं होतं. निदान चुकलं एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी विचारलं, मामाच्या गाडीने ॲव्हरेज काय दिलं?

म्हणाली, माहीत नाही बाबा, मी सबंध रस्ता झोपले होते.

माझ्या गाडीत ती कधीच झोपत नाही. बसल्यापासून उतरेपर्यंत बोलत असते. आज फार वाईट वाटतंय. इतक्या वर्षांत ती माझ्या शेजारी बसून काय काय बोलली, ते आठवून इथे उतरवून ठेवायचं म्हणून वही उघडली. मघापासून बसलो आहे. शाळेची काहीतरी गोष्ट होती. नव्या गावाची काहीतरी भीती होती. त्यापुढे मला फक्त इंजिनाचा आवाज आठवतोय.